सुरेखाताईंना तहान लागत नव्हती

"क्रिएटिनिन सात पॉइंट एक आहे," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्टचा कागद त्यांनी माझ्याकडे वळवला. "तुम्ही यांच्या कोण?"

आकडा मला कळला नव्हता, आणि प्रश्नाचं उत्तर कुठून सुरू करावं हे सुचत नव्हतं.

एप्रिल संपत आला होता. डोंबिवली पूर्वेतल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये दुपारी दोन वाजता मी उभी होते. पडद्यामागे कॉटवर सुरेखाताई होत्या. सुरेखाताई गेली अकरा वर्षं आमच्याकडे पोळ्या करायला येतात. दीड तासापूर्वी त्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला धरत धरत खाली बसल्या होत्या आणि मग उठल्याच नव्हत्या.

"ओळखीची आहे," मी म्हणाले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. क्रिएटिनिन म्हणजे शरीरात रोज तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी बाईच्या रक्तात त्याचं प्रमाण एकच्या आत असतं. सात म्हणजे गाळणी जवळजवळ बंद पडली. याला अ‍ॅक्यूट किडनी इन्ज्युरी म्हणतात, म्हणजे मूत्रपिंडांना अचानक झालेली इजा. पोटॅशियमही खूप चढलं होतं. ते असंच चढत राहिलं तर हृदय थांबू शकतं. डायलिसिस करावं लागेल, म्हणजे मूत्रपिंडांचं काम काही काळ यंत्राकडून करून घ्यावं लागेल. ती सोय तिथे नव्हती. ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात न्या, आणि आत्ताच न्या, असं ते म्हणाले.

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फॉर्म भरायचा होता. पेशंटचं संपूर्ण नाव. मी पेन धरून बसून राहिले. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘सुरेखा पोळ्या’ या नावाने आहे. अकरा वर्षं रोज घरात येणाऱ्या बाईचं आडनाव मला ठाऊक नव्हतं. शाळेत शिकवत असताना चाळीस-चाळीस मुलांची हजेरी मी वही न उघडता घेत असे, त्याचा मला कोण अभिमान. शेवटी त्यांच्याच फोनवरून त्यांच्या मुलीला, पूजाला, फोन लावला आणि आईचं आडनाव विचारलं. ती आधी घाबरली, आणि मग तिने आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. तसं सांगण्याचा अर्थ मला कळला.

हे सगळं मी का लिहिते आहे? आजारपणाचे अनुभव मीही आवडीने वाचते. त्यात सहसा पेशंट स्वतः लिहितो किंवा त्याच्या घरचं कुणी लिहितं. मी घरची नाही. पण हा आजार ज्या घरात तयार झाला ते घर माझं आहे, आणि तुमच्याही घरात तो आत्ता तयार होत असेल, तर तुम्हाला वेळेवर कळावं.

आधीचे दोन आठवडे आठवून पाहिले तर सगळं समोरच होतं. यंदाचा उकाडा आपण सगळ्यांनीच सोसला. आमच्याकडे ऊन नागपूरसारखं कोरडं नसतं, ते ओलं असतं. घाम येतो आणि वाळत नाही. पूर्वी मे महिना असा असायचा, आता मार्चपासूनच जीव नकोसा होतो. आम्ही दोघं नवराबायको जेवणं झाली की बेडरूमचा एसी लावून दार बंद करतो आणि पाच वाजता बाहेर येतो.

सुरेखाताईंचा दिवस वेगळा होता. दिव्याहून त्या पहाटे निघायच्या. सहा घरच्या पोळ्या. त्यांतली चार घरं आमच्याच इमारतीत, माझं त्यांतलं तिसरं. आणि पोळ्या करताना पंखा लावता येत नाही, गॅसची ज्योत हलते. ही गोष्ट आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. त्या आल्या की स्वयंपाकघरातला पंखा मी स्वतः बंद करायचे आणि हॉलमधल्या पंख्याखाली पेपर घेऊन बसायचे. अशी सहा घरं, सहा बंद पंखे.

चहा विचारला तर "नको बाई." पाणी दिलं तर घोटभर घ्यायच्या आणि भांडं खाली ठेवायच्या. "मला तहानच लागत नाय," म्हणायच्या. मी हे चारचौघींत कौतुकाने सांगायचे. आमच्या सुरेखाताईंना कसली म्हणून अपेक्षा नाही.

एप्रिलच्या मध्यावर पोळ्या जाड यायला लागल्या. माझी एक सवय आहे, सूचना तोंडी न देता मी चिठ्ठी लिहून फ्रीजवर लावते. ‘आज बारा पोळ्या’, ‘तेल कमी’, असं. त्या सातवी शिकलेल्या आहेत, वाचतात. त्या आठवड्यात मी लिहिलं, ‘पोळ्या पातळ कराव्यात.’ त्यांचे हात सुजले होते, लाटणं धरवत नव्हतं, हे मला नंतर कळलं. तोंडावरची सूज मात्र दिसत होती. मी म्हणाले, "अंग धरलंय वाटतं तुमचं." त्या हसल्या. कंबर दुखते म्हणाल्या तर माझ्या औषधांच्या डब्यातली दुखण्यावरची गोळ्यांची अख्खी पट्टी मी त्यांना देऊन टाकली. उदार मन माझं.

ठाण्याला पोहोचेपर्यंत चार वाजले. पूजा तिथे आधीच येऊन उभी होती. वीस वर्षांची मुलगी, एका मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, दुकानाचा टीशर्ट तसाच अंगात होता. सुरेखाताईंना आत घेतलं. मानेतल्या शिरेत एक नळी बसवतात, तिला डायलिसिस कॅथेटर म्हणतात. तिच्यातून रक्त यंत्रात जातं आणि साफ होऊन परत येतं. ती बसवायच्या आधी एक तरुण नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडांच्या डॉक्टर, माहिती विचारायला बाहेर आल्या.

दिवसातून किती वेळा लघवीला जातात, असं त्यांनी विचारलं. पूजा म्हणाली, पहाटे घरून निघताना एकदा, आणि चार वाजता घरी परत आल्यावर.

"आणि मध्ये?"

"मध्ये कुठे जाणार, मॅडम? एका बिल्डिंगच्या खाली टॉयलेट होतं, आई तिथे जायची. आता त्याला कुलूप लावलंय." मग माझ्याकडे वळून पूजा म्हणाली, "काकू, तुमचीच ना ती बिल्डिंग?"

मी मान हलवली.

"मग पाणीच पीत नसतील त्या," डॉक्टर म्हणाल्या.

"नाय पीत. घराबाहेर पडली की थेंब नाय. प्यायली तर परत जायला लागतं ना."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी सुरेखाताईंची कापडी पिशवी मागितली, तिच्यातल्या गोळ्या पाहिल्या. माझी पट्टी त्यात होती, तिच्यात दोनच गोळ्या उरल्या होत्या. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांना थेट मारतात, असं त्या म्हणाल्या. तासन्‌तास लघवी धरून ठेवल्यामुळे संसर्गही झाला होता. उष्णता, तहान, धरून ठेवणं आणि वर या गोळ्या, सगळं एकत्र आलं होतं.

मी गोळ्या माझ्याच आहेत हे सांगितलं. कुलपाबद्दल मात्र माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ते कुलूप मी लावायला लावलं होतं.

आता तेही सांगते. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. निवृत्त शिक्षिकेला कुणी काम सांगायची गरज नसते, ती स्वतःच ओढवून घेते. फेब्रुवारीपासून नळाला पाणी कमी यायला लागलं. पूर्वी मे महिन्यात कधीतरी टँकर लागायचा, आता होळीच्या आधीच मागवावा लागला. मी सभा बोलावली. सभेत मी पंधरा मिनिटं बोलले. पृथ्वी कशी तापते आहे, पाऊस कसा लहरी झाला आहे, आपल्या नातवंडांना काय उरणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आले.

मग कुणाचं पाणी कमी करायचं यावर चर्चा झाली. गाड्या धुणं बंद करा म्हटलं तर चौघं उठले, शेवटी एक दिवसाआड धुवायचं ठरलं. वॉशिंग मशीनबद्दल कुणी बोलूच दिलं नाही. तेव्हा मी सुचवलं की तळमजल्यावरचं स्वच्छतागृह बंद ठेवावं. तिथे नळ उघडा राहतो, बाहेरचे लोक वापरतात, टँकरचं पाणी तिथे जातं. ज्यांचं अडणार होतं त्यांतलं कुणीही सभेला नव्हतं, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

नोटीस मी स्वतः लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. ‘पाणी वाचवा, पृथ्वी वाचवा. तळमजल्यावरील स्वच्छतागृह उन्हाळा संपेपर्यंत बंद राहील. बाहेरील व्यक्तींनी कृपया सहकार्य करावे.’ खाली निळ्या स्केचपेनने पाण्याचा थेंब काढला. सोसायटीच्या ग्रुपवर सतरा अंगठे आले. वॉचमन मागच्या भिंतीकडे जायला लागला, तर त्याचीही तक्रार माझ्याकडे आली आणि मी त्याला समज दिली.

रुग्णालयात पहिले चार दिवस आम्ही फक्त लघवीची वाट पाहत होतो. हे लिहायला संकोच वाटतो, पण तसंच होतं. कॉटच्या बाजूला प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती, तिच्यावर आकडे छापलेले. मूत्रपिंडं परत कामाला लागली तर पिशवी भरेल. नाही लागली तर आयुष्यभर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. मग पोळ्याही नाहीत आणि कामही नाही. नवऱ्याच्या माघारी मुलीला वाढवलेल्या बाईचं घर कसं चालणार होतं? सोनोग्राफीत मूत्रपिंडांचा आकार नेहमीसारखा दिसला होता, म्हणून डॉक्टरांना आशा होती. जुना आजार असता तर ती आक्रसलेली दिसली असती.

पहिल्या दिवशी पिशवीत तळाशी थोडंसं होतं, गडद चहासारखं. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी पन्नास मिली, आणि दुसरं डायलिसिस.

मी सकाळी दहाला पोहोचायचे, पूजा दुकानात जायची, संध्याकाळी ती आली की मी निघायचे. वॉर्डातल्या मावशी, सिस्टर, राउंडवरचे डॉक्टर, जो येईल तो आधी पिशवी पाहायचा. झाली का, किती झाली? ज्या बाईला दिवसभरात लघवीला जागा नव्हती, तिच्या लघवीची आता दहा माणसं चौकशी करत होती. सुरेखाताईंना ते सहन होत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच. "बाई, पिशवीवर टॉवेल टाका. सगळ्यांना दिसतं." मी टॉवेल टाकला. सिस्टर आल्या की तो काढायचा, गेल्या की टाकायचा, हे माझं काम झालं.

वॉर्डात उकडायचं. पंखे होते, पण ते गरम हवाच फिरवत होते. शेजारच्या कॉटवर डांबराच्या कामावरची एक बाई होती, तिलाही ऊन लागून मूत्रपिंडांचाच त्रास झाला होता. पलीकडची एक जण भिवंडीच्या गोदामात माल भरायची. मी नेफ्रॉलॉजिस्ट बाईंना विचारलं, उन्हाने असं कसं होतं? आमच्याकडे तर कुणाला नाही झालं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गेली काही वर्षं उन्हाळा आला की असे पेशंट वाढतात," त्या म्हणाल्या. "ऊन तुमच्यावरही पडतं. पण ज्याला सावलीत बसता येतं, पाणी पिता येतं आणि लघवीला जाता येतं, तो सहसा माझ्याकडे येत नाही."

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेलाही ऊन लागलं होतं. ती घोडबंदर रोडला राहते. एक दिवस सलाइन, एसीची खोली, दुसऱ्या दिवशी घरी आणि घरी आल्यावर शहाळं. मी तिलाही भेटून आले. ती म्हणाली, "अगं, मेलेच होते मी." मला तिचा राग आला, आणि मग कळलं की राग यायचा मला काही अधिकार नाही.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? ते लोक मला चांगलं म्हणत होते. सुरेखाताईंचा भाऊ माणगावहून आला, माझ्या पाया पडायला लागला. पूजा रोज संध्याकाळी म्हणायची, "काकू, तुम्ही नसता तर आई वाचली नसती." वॉर्डातल्या मावशी इतर पेशंटना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, मालकीण असावी तर अशी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दर वेळी ठरवायचे, आज सांगायचं. मग पूजा डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे करायची आणि मी गप्प बसून ती खायचे. पूजा ओरडेल याची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्या कौतुकाची मला गरज होती. तेवढंच एक मला धरून होतं.

पाचव्या दिवशी दीडशे मिली झाली. सहाव्या दिवशी चारशे. सातव्या दिवशी सकाळी मी टॉवेल उचलला तर पिशवी टम्म भरलेली. मी मोठ्याने म्हणाले, "झाली!" आणि पलीकडची गोदामातली बाई टाळ्या वाजवायला लागली. सुरेखाताईंनी तोंडावर पदर घेतला आणि पदराआडून हसल्या. तिसरं डायलिसिस लागलं नाही. अकराव्या दिवशी क्रिएटिनिन एक पॉइंट आठवर आलं आणि डॉक्टरांनी घरी सोडलं.

जाताना त्यांनी बजावलं. मूत्रपिंडं सावरली आहेत, पण पूर्वीसारखी होतील असं नाही. दर उन्हाळ्याला जपायचं. दिवसाला अडीच लिटर पाणी. दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचंच. दुखण्यावरची गोळी कधीही स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. विस्तवाजवळचं काम शक्यतो नको.

"विस्तवाजवळचं नको तर दुसरं काय येतं मला?" सुरेखाताईंनी विचारलं. डॉक्टरांनी कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिली.

आठवडाभराने मी दिव्याला त्यांच्या घरी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही बाजूंना दाटीने उभ्या इमारती, त्यांच्या मागे बैठ्या खोल्यांची रांग, शेवटची खोली त्यांची. वर पत्रा. पत्र्यावर त्यांनी जुनी साडी ओली करून पसरली होती, ती मी पोहोचेपर्यंत कडकडीत वाळली होती. आत शिरले तेव्हा बाहेर ऊन होतं तरी बाहेरच बरं वाटत होतं. कोपऱ्यात दोन निळे पिंप. पाणी रोज येत नाही, आलं की भरून ठेवायचं, नाही आलं तर लांबून कळशीने आणायचं. डॉक्टरांचे अडीच लिटर मला आठवले. ते कुणीतरी डोक्यावरून आणावे लागणार होते.

पूजा कामाला गेली होती. सुरेखाताई चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी फळं ठेवली, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग एकदम म्हणाले, "सुरेखाताई, खालच्या टॉयलेटला कुलूप मी लावायला लावलं."

"माहीत हाय मला," त्या म्हणाल्या.

कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"कोण कशाला सांगेल? तुमची चिठ्ठी रोज वाचते ना मी फ्रीजवर. अक्षर नाय ओळखणार?"

"मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी चटईची निघालेली काडी ओढली. "पहिलं मला वाटलं, ते दुसऱ्यांसाठी हाय. कुरियरवाले येतात, सामान विकायला येतात, त्यांच्यासाठी. बाहेरील व्यक्ती लिवलंय ना. म्हटलं, मी कशी बाहेरची, मी तर रोज येते. म्हणून मी गेली वॉचमनकडं चावी मागायला. तो म्हणाला, मावशी, तुमच्यासाठीच लावलंय ते." त्यांनी ती काडी मोडली. "मला त्याच्यासमोर लाज वाटली, बाई. मग काय बोलणार?"

मी रडले. त्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी रडले. त्यांनी उठून पिंपातलं पाणी भांड्यात घेऊन मला दिलं. मला माफ करा, असं मी म्हणाले. त्यांनी माझ्या हातातलं रिकामं भांडं परत घेतलं.

"तुम्ही मला गाडीत घालून नेलंत, नायतर मी गेली असती," त्या म्हणाल्या. "ते पण खरं हाय. आणि हे पण खरं हाय."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. अजूनही म्हणालेल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी मी पूजाला फोन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला. ती अजूनही माझ्याशी नीट बोलते. आईच्या तपासणीची तारीख कळवते, रिपोर्टचा फोटो पाठवते. पण आता ती मला काकू म्हणत नाही, मॅडम म्हणते.

पुढच्या सभेत मी कुलूप काढायचा विषय मांडला. एकांनी विचारलं की पाण्याचं काय. मी सुरेखाताईंचे रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि कुलपाची सूचना कुणाची होती तेही सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. कुलूप निघालं. गाड्या आता आठवड्यातून एकदा धुतात, त्यावर अजून दोन जण माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या घरी इंडक्शनची शेगडी आणली, तिला ज्योत नाही, त्यामुळे पोळ्या होताना पंखा चालू ठेवता येतो. ही गोष्ट मला अकरा वर्षांपूर्वीही सुचू शकली असती. हे सांगताना आपणच आपली पाठ थोपटतो आहोत असं वाटायला लागलं आहे, तेव्हा ते पुरे. सुरेखाताईंची सहापैकी चार घरं त्या आजारी असतानाच दुसऱ्या बाईने धरली. ती बाईही दिव्याहूनच येते. तिलाही उकडतच असेल.

तुमच्या घरी कुणी पोळ्या करायला, भांडी घासायला, फरशी पुसायला येत असेल, तर एवढं बघा. चेहऱ्यावर, पायांवर, बोटांवर सूज. न थांबणारी मळमळ. पायांत गोळे. लघवी कमी किंवा गडद. यांतलं काहीही असेल तर गोळी देऊ नका, दवाखान्यात न्या. सीरम क्रिएटिनिन नावाची रक्ताची साधी तपासणी असते, तिच्यावरून कळतं. आणि कुणी तुम्हाला म्हणालं की मला तहान लागत नाही, तर कौतुक करू नका. बाथरूमचं दार कुठे आहे ते दाखवा.

मला ते दाखवायला अकरा वर्षं आणि दोन डायलिसिस लागली.

जुलैपासून सुरेखाताई परत येतात. आमच्याकडे आणि वरच्या मजल्यावर, एवढीच दोन घरं. क्रिएटिनिन एक पॉइंट चार आहे, बहुधा तिथेच राहील. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की आमचं बाथरूम तुमचंच समजा. त्या दिवशी त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या अर्ध्यावर आल्या असताना पंख्याखालून बाहेर आल्या आणि हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. "बाई, बाथरूमला जाऊ का?"

चव्वेचाळीस वर्षांची बाई. मला माझ्या वर्गातली करंगळी वर केलेली मुलं आठवली. मधल्या सुट्टीत जा, असं मी त्यांना सांगायचे. तीस वर्षं सांगितलं. किती मुलं परत जागेवर जाऊन बसली, कशी बसली असतील, हे मी कधी वळून पाहिलं नाही.

"जा ना," मी म्हणाले. "आणि विचारायचं नाही, सुरेखाताई. सरळ जायचं."

"हो बाई," त्या म्हणाल्या.

असं मी त्यांना आतापर्यंत चार-पाच वेळा सांगितलं आहे. दर वेळी त्या हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी परत दारात येऊन उभ्या राहतात आणि विचारतात.